मालकांनो, एवढं घाबरताय कशाला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले, आणि उद्योगधंद्याच्या वर्तुळात एक गाऱ्हाणं सुरू झालं. रत्नागिरीही त्याला अपवाद नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, लोटे-परशुरामच्या रासायनिक पट्ट्यात, आंबा बागायतदारांच्या गप्पांत, सगळीकडे सूर तोच: आता कामगाराची हजेरी घ्यायलाही त्याची परवानगी लागणार, गेटवर कॅमेरा लावला तर २५० कोटींचा दंड बसणार, आधार कार्ड मागायचीही चोरी. दिल्लीत बसून युरोपची नक्कल केली आणि छोट्या उद्योजकाच्या मानेवर सुरी ठेवली. सोबत तीन ठरलेली वाक्यं असतातच. "प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं?" "जागा माझी, यंत्र माझं, पगार मी देतो." आणि, "त्याने सही करूनच काम धरलंय."

या गाऱ्हाण्यातलं एकही विधान कायद्याच्या मजकुरापुढे टिकत नाही. या कायद्यावर टीका करायला जागा भरपूर आहे, पण ती मालकाच्या बाजूने नाही. कायद्याने मालकाला जेवढं मोकळं सोडलंय तेवढं मागायची हिंमत कोणत्याही मालक संघटनेला उघडपणे झाली नसती. उपाशी राहिला आहे तो कामगार.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या या कायद्यात माणसाची डिजिटल माहिती वापरण्याचे दोन रस्ते आहेत. एक संमतीचा. दुसरा कलम ७ चा, म्हणजे संमतीवाचून चालणाऱ्या 'वैध वापरांचा'. या कलम ७ मध्ये नोकरी स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, कंपनीची गुपितं फुटू नयेत म्हणून, कर्मचाऱ्याने मागितलेली एखादी सोय देण्यासाठी त्याची माहिती वापरायची असेल, तर संमती लागत नाही. तेव्हा हजेरीला परवानगी लागणार ही भीती पहिल्याच पायरीवर निकालात निघते. 'नोकरीचं कारण' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याही कायद्याने केलेली नाही. हजेरी नोकरीचं कारण आहे हे कोणीही मान्य करील. कामगार सुट्टीच्या दिवशी कुठे होता, हेही नोकरीचं कारण म्हणता येईल का? कायदा गप्प आहे, आणि कायदा गप्प बसला की ज्याच्या हातात पगार असतो त्याचा अर्थ चालतो.

हे दार इतकं रुंद नव्हतं. २०१८ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने पहिला मसुदा दिला. श्रीकृष्ण हे मुंबईचे, कामगार कायद्यात मुरलेले. त्यांच्या मसुद्यातही नोकरीसाठी वेगळी तरतूद होती, पण तिला कुंपण होतं. भरती आणि बडतर्फी, कर्मचाऱ्याला द्यायची सोय, हजेरीची खातरजमा, कामाचं मूल्यमापन, एवढ्याच चार कामांसाठी संमतीवाचून माहिती वापरता येणार होती. तीही जिथे मालक-नोकर नात्यामुळे संमती विचारण्यात अर्थ नाही, किंवा ती घ्यायला अवाजवी खटाटोप पडेल, तिथेच. २०१९ च्या विधेयकाने तर आरोग्य, बायोमेट्रिक असली संवेदनशील माहिती या सवलतीतून सरळ बाहेर ठेवली होती. २०२३ च्या कायद्यात हे सगळं कुंपण गेलं. 'संवेदनशील माहिती' हा वेगळा वर्गच उरला नाही. कामगाराचं बोट, चेहरा, रक्ताचा रिपोर्ट आणि मोबाइल नंबर, सगळ्याला एकच माप.

यापेक्षा मोठी गोष्ट कलम ११ आणि १२ मध्ये दडली आहे. आपली कोणती माहिती समोरच्याकडे आहे ते विचारण्याचा, चुकली असेल तर दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क या कलमांनी दिला. मात्र ज्याने त्या माहितीसाठी संमती दिली होती त्यालाच. नोकरीच्या खात्यावर संमतीवाचून माहिती घेतली असेल, तर हे हक्क लागू होत नाहीत. कारण सांगणारी नोटीस द्यायची अटही संमती मागण्याशीच जोडलेली आहे. परिणाम असा की एखाद्या दुकानाच्या ॲपवर मोबाइल नंबर देणारा ग्राहक उद्या त्या दुकानदाराला जाब विचारू शकेल, पण त्याच दुकानात दहा वर्षं राबणारा नोकर आपल्या हजेरीच्या नोंदी दाखवा असं या कायद्याच्या आधारे म्हणू शकणार नाही. माहिती सांभाळून ठेवणं, ती फुटली तर कळवणं आणि तक्रारीला दाद देणं, एवढ्या जबाबदाऱ्या मालकावर उरतात. त्या महत्त्वाच्या आहेत, पण माहिती फुटेपर्यंत तिच्यात काय काय आहे हे कामगाराला कळायला हवं, ही साधी गोष्ट त्यात बसत नाही.

आणि ते २५० कोटी? तो दंडाचा कमाल आकडा आहे, आणि माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल आहे. कॅमेरा लावल्याबद्दल नाही. दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य, तिचा काळ, त्यातून झालेला परिणाम हे सगळं डेटा संरक्षण मंडळाने बघायचं आहे. शिवाय तो पैसा जातो कुठे? कलम ३४ प्रमाणे भारताच्या संचित निधीत. ज्या कामगाराची माहिती फुटली त्याला त्यातला छदामही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये नुकसानभरपाईची सोय होती. नव्या कायद्याने ते कलमच वगळायचं ठरवलं आहे. उलट खोटी किंवा उगाच तक्रार केल्याबद्दल सामान्य माणसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. सुरी कोणाच्या मानेवर आहे ते आता मालक मंडळींनीच ठरवावं.

कलम ४३अ चा विषय निघालाच आहे, तर आणखी एक आठवण करून देतो. त्या कलमाखालचे नियम २०११ पासून आहेत. बायोमेट्रिक किंवा आरोग्याची माहिती घ्यायची तर आधी लेखी संमती घ्या, हेतू सांगा, माणसाला आपली माहिती बघू द्या, असं ते म्हणतात. कंपनीच नव्हे, भागीदारी पेढी आणि एकट्या मालकाचा धंदाही त्यात येतो. म्हणजे बोट ठेवून हजेरी घेणाऱ्या प्रत्येक छोट्या कारखान्याला गेली कित्येक वर्षं लेखी संमती बंधनकारक होती. किती मालकांनी ती घेतली? किती जणांना हे नियम आहेत हे तरी माहीत होतं? त्या कडक नियमांनी कोणाचा धंदा बुडाल्याचं ऐकिवात नाही, आणि आता त्याहून सैल कायदा आला तर म्हणे धंदा बुडेल.

आता त्या तीन वाक्यांकडे वळू. शेवटचं आधी घेतो: "सही केलीय."

काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसणाऱ्या बाईचे हात जवळून बघा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांची टोकं काळी पडतात, सालपटं निघतात, रेषा झिजून जातात. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं दुखणं वेगळं, तरी शेवट तोच. तासन् तास बर्फाच्या पाण्यात राहिलेली बोटं पांढरी फटक होऊन सुरकुततात. अशी बाई सकाळी मशिनवर बोट ठेवते. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवते. लाल दिवा. मागे रांग खोळंबलेली, सुपरवायझर घड्याळाकडे बघतोय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मग दुसऱ्या हाताचं बोट. हिरवा लागला तर ठीक. नाही लागला तर "नंतर बघू", आणि महिनाअखेरीला अर्ध्या दिवसाचा खाडा. ज्या कामाने बोट झिजलं त्याच कामाची हजेरी ते बोट देऊ शकत नाही. मशिनमध्ये काय नोंद झाली ते तिला दिसत नाही, आणि दाखवा म्हणायचा हक्क नव्या कायद्याने तिला दिलेला नाही. मग यावर उपाय म्हणून चेहरा ओळखणारं मशिन येतं. तिला विचारलं जातं का? जातं. कामाला लागताना तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवतात, त्यातल्या एका कागदावर ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा इंग्रजीत. ती सही करते किंवा अंगठा देते. नाही म्हणाली तर उद्यापासून यायचं नाही, हे तिलाही ठाऊक असतं आणि मालकालाही. या सहीला संमती म्हणणं हा कायद्याचा नव्हे, अकलेचा अपमान आहे. श्रीकृष्ण समितीने नेमकं हेच ओळखलं होतं, म्हणून तिने नोकरीत संमतीवर भिस्त ठेवली नाही आणि तिच्या जागी मर्यादा घातल्या. २०२३ च्या कायद्याने संमती काढली ती काढलीच, वर मर्यादाही काढल्या.

आता पहिलं वाक्य, "प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं?" याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच उत्तर दिलेलं आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात हंगामी मजुरी करणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली. तो एचआयव्हीबाधित निघाला. काम करायला तो धडधाकट होता, तरी त्याला कायम कामाच्या यादीतून वगळलं. त्याने दाद मागितली तेव्हा न्यायालयाने त्याला नाव न उघडता लढायची परवानगी दिली. खटला 'एमएक्स' विरुद्ध 'झेडवाय' म्हणूनच ओळखला जातो. निकाल स्वच्छ होता. माणूस ते काम करायला सक्षम आहे आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर केवळ रिपोर्टवर बोट ठेवून त्याची रोजीरोटी काढून घेणं घटनेच्या कलम १४ आणि २१ ला धरून नाही. या मजुराने कोणता अप्रामाणिकपणा केला होता? काहीही नाही. त्याच्याकडे लपवण्यासारखं होतं, कारण समाज त्या आजाराकडे कसं बघतो ते त्याला माहीत होतं. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी अशी चाचणी सक्तीची करायला मनाई केली. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एक आजार झाला. मधुमेह, अपस्मार, गरोदरपण, मानसोपचाराच्या गोळ्या, यांच्याबद्दल कोणता कायदा आडवा येतो?

लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत तर आरोग्याची माहिती हा रोजचाच विषय. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१क हे कलम घातलं गेलं. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवायच्या, आणि त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत, असं त्यात लिहिलं होतं. हेतू काय होता? दहा वर्षांनी फुप्फुसं निकामी झाली तर त्याच्या हातात पुरावा असावा. त्या नोंदी कामगारासाठी होत्या. त्याच नोंदी पुढचं कंत्राट कोणाला द्यायचं नाही हे ठरवायला वापरल्या, तर त्या कामगाराच्या विरुद्ध जातात. माहिती तीच, कागद तोच, फरक पडतो तो ती कशासाठी वापरली याने. खासगीपणाचा हक्क म्हणजे लपवालपवी असं ज्यांना वाटतं त्यांनी हा फरक समजून घ्यावा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा माणसाचं आपल्याविषयीच्या माहितीवर काही नियंत्रण असलं पाहिजे, हा त्याचा गाभाच मानला गेला.

उरलं सगळ्यांत जोरात म्हटलं जाणारं वाक्य: "जागा माझी, यंत्र माझं." जागा तुमची, मान्य. पगार तुमचा, तोही मान्य. मात्र पगार कामाचा आहे, माणसाचा नाही. रुमानियात एका अभियंत्याला कंपनीने कामासाठी याहू मेसेंजरचं खातं उघडायला लावलं, मग त्यावरचे त्याचे घरच्यांशी झालेले खासगी संवाद वाचले आणि त्याला काढून टाकलं. खातं कामाचं, संगणक कंपनीचा, खासगी वापराला बंदी असल्याचंही त्याला सांगितलेलं होतं. तरी ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत ठेवली जाईल, किती ठेवली जाईल आणि संदेशांचा मजकूरही वाचला जाईल, हे त्याला आधी सांगितलं होतं का, हे रुमानियाच्या न्यायालयांनी नीट तपासलंच नव्हतं. पाळतीला सरसकट बंदी त्या न्यायालयानेही केलेली नाही. आधी सांगा, कारण असू द्या आणि कारणापुरतंच बघा, एवढंच त्याचं म्हणणं. फ्रान्समध्ये ॲमेझॉनच्या गोदाम कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड झाला तो स्कॅनर वापरल्याबद्दल नव्हता. कामगाराचा हात किती वेळ रिकामा राहिला त्याचीसुद्धा मोजदाद ठेवल्याबद्दल होता.

पाळतीची गोष्ट रत्नागिरीला नवी नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ ते १९१६ पर्यंत इथे इंग्रजांच्या नजरकैदेत होता. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. पण सावरकरांना घातलेल्या अटी लेखी होत्या: जिल्ह्याबाहेर परवानगीवाचून जायचं नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही, मुदत पाच वर्षं. मुदत पुढे वाढवत नेली हा सरकारचा अन्याय. तरी कोण पाळत ठेवतंय, कशावर आणि कुठवर, हे त्यांना माहीत होतं. परक्या सरकारने राजबंद्याला जेवढं कळवलं तेवढंही आजचा मालक आपल्या फिटरला कळवत नसेल, तर जागेच्या मालकीची भाषा कोणत्या तोंडाने करायची?

मालकांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. हापूसच्या हंगामात रात्रीत पेट्याच्या पेट्या आंबा उतरवून नेणारे चोर असतात. बागेच्या फाटकावर आणि पॅकिंगच्या शेडमध्ये कॅमेरा लावणं हे बागायतदाराचं रास्त काम आहे. परदेशी मासळी पाठवणाऱ्या कारखान्याला स्वच्छतेचे कडक निकष पाळावे लागतात. प्रक्रियेच्या खोलीत नजर लागणारच. समुद्रावर तर माहिती जीव वाचवते. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर पळवलेल्या मच्छीमार बोटीतून आले, त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. मिरकरवाड्याची बोट वादळात सापडली तर तिचं ठिकाण दाखवणाऱ्या यंत्राला कोणता खलाशी नको म्हणेल? या सगळ्या ठिकाणी हेतू डोळ्यांना दिसतो आणि नजर मालावर, दारावर, बोटीवर असते. हाच कॅमेरा बागेतल्या गुरख्याच्या झोपडीच्या दिशेने वळला, बायकांच्या जेवणाच्या खोलीत टांगला गेला, किंवा कामगाराच्या स्वतःच्या फोनमधलं हजेरीचं ॲप सुट्टीतही त्याचं ठिकाण कळवत राहिलं, की हेतू संपला आणि हौस सुरू झाली. चोरी थांबवायला याचा उपयोग नाही. त्याने माणसं नमतात, हाच त्याचा उपयोग.

आणि फक्त खासगी मालकांनाच का बोलायचं? या राज्यातला सगळ्यांत मोठा मालक सरकार आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी फोन दिले. ते धड चालेनात आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये इंग्रजी, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते सरकारला परत नेऊन दिले. २०२५ मध्ये राज्याच्या महसूल खात्याने हजेरी चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर आणली. त्याच वर्षी १ मेपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांना आधारशी जोडलेली, जागेची नोंद घेणारी चेहऱ्याची हजेरी लावली. रत्नागिरीचं २०२३ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्यातून सुटत नाही. कामावर न जाता पगार घेणारे लोक आहेत, त्यांना आळा बसला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण उतरंड बघा. सगळ्यांत कडक नजर सगळ्यांत कमी पगाराच्या मनगटावर.

याच कायद्याने वरच्या पायरीवर मात्र पडदा दिला. सरकारी अधिकाऱ्याचे मेमो, शिक्षा, मालमत्ता यांची माहिती द्यायची की नाही हा वाद महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गिरीश रामचंद्र देशपांडे खटल्यात ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने ही वैयक्तिक माहिती ठरवली, तरी व्यापक जनहित असेल तर ती देता येईल हे दार उघडं ठेवलं. डेटा कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्याच्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमातली जनहिताची ओळच उडवली. नियमांबरोबर ही दुरुस्ती तत्काळ अमलातही आली. जनहिताचा तोल बघणारं दुसरं एक कलम अजून शिल्लक आहे, पण नकाराचा शिक्का आता माहिती अधिकाऱ्याच्या हाताशी तयार आहे. याचा फटका कोणाला? ठेकेदाराने आपला भविष्यनिर्वाह निधी खरंच भरला का, मस्टरवर किती नावं खोटी आहेत, हे शोधणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला. त्याच्या हालचालीचा मीटर-मीटर हिशेब वर जातो, आणि वरचा हिशेब मागितला की त्याला खासगीपणा ऐकवला जातो.

राहता राहिला छोट्या उद्योजकावरच्या बोजाचा मुद्दा. मुळात हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. वहीतलं मस्टर त्यात येतच नाही. ठरावीक उद्योगांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकारही केंद्राने राखून ठेवला आहे. आणि खरा धोका बहुतेक ठिकाणी महागड्या यंत्रणेत नसतोच, तो असतो मुकादमाच्या फोनमध्ये. हंगामाला नेपाळहून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून माणसं आणायची, प्रत्येकाच्या ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा, तो पोलीस ठाण्यासाठी, बँकेसाठी, गेटपाससाठी पुढे ढकलायचा. हंगाम संपतो, माणसं गावी जातात. शेकडो ओळखपत्रं मात्र एका फोनच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या शेजारी, वर्षानुवर्षं पडून राहतात. फोन हरवला की सगळं गेलं. आधारच्या प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी लोकांना आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या, असं बजावलं होतं. गोंधळ उडाला म्हणून सरकारने दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. पत्रक मागे गेलं तरी सल्ला शहाणपणाचाच होता. मास्क्ड आधार घ्यायला, हंगाम संपल्यावर फोटो पुसायला, हजेरीच्या संगणकाला धड पासवर्ड लावायला कोणता बोजा पडतो?

नियमांनुसार मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर मालक मंडळींनी गाऱ्हाणी गाण्यापेक्षा एक काम करावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंच आहे. त्या पत्राला एक पान जोडा. आम्ही तुमची कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, कॅमेरे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ती माहिती कोण बघतं, काम सोडल्यावर किती दिवसांनी पुसतो, आणि नोंद चुकली तर कोणाकडे यायचं. मराठीत लिहा, कामगार नेपाळी किंवा कानडी असतील तर त्यांच्या भाषेत. बोट न उमटणाऱ्यांसाठी सहीचं मस्टर ठेवा, आणि मशिनच्या चुकीचा खाडा कोणाच्याही पगारातून कापणार नाही असं त्यात लिहा. याला वकील लागत नाही.

कामगार संघटनांनी यापुढे जाऊन दिल्लीकडे मागणी लावून धरली पाहिजे. कलम ७ मधल्या नोकरीच्या सवलतीला श्रीकृष्ण मसुद्यासारखी बंदिस्त यादी हवी. कलम ११ आणि १२ चे हक्क नोकरीतल्या माहितीलाही लागू हवेत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई हवी. माहिती अधिकारातली जनहिताची ओळ परत हवी. या चार दुरुस्त्या होत नाहीत तोवर हा कायदा नोकरीपुरता मालकांच्या सोयीचाच राहील, आणि त्याला मालकविरोधी म्हणणारे एक तर तो न वाचता बोलत असतील, नाहीतर नीट वाचूनच बोलत असतील.